रूमवर सगळं ठीक आहे ना?



निकाल लागला की आपल्याकडे एक ठरलेली धावपळ सुरू होते. मार्कलिस्ट, टी.सी., जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, सेतू केंद्रापुढची रांग. मग प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात, कॉलेजचं नाव सगळ्या नातेवाइकांना सांगून होतं. आणि अगदी शेवटच्या आठवड्यात घरातलं कुणीतरी विचारतं, "पण राहणार कुठं?" याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. "तिथं गेल्यावर बघू की. रूम मिळतेच."

आज मला या 'मिळतेच'बद्दल बोलायचं आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दरवर्षी आमच्याकडची दहा-बारा मुलं तरी पुण्याला जातात. कुणी बारावीनंतर, कुणी इथंच पदवी घेऊन एम.ए., एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. त्यातल्या एखाद्‌दुसऱ्यालाच वसतिगृह मिळतं. विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहांत जागा मोजक्या, आणि संलग्न कॉलेजांपैकी कित्येकांकडे वसतिगृहच नाही. बाकीची सगळी मुलं 'बाहेर' राहतात. कुणी सदाशिव पेठेत, नारायण पेठेत जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर. कुणी विद्यापीठ जवळ पडावं म्हणून औंध, खडकी, बोपोडीच्या गल्ल्यांत. मुली असतील तर कर्वेनगर-कोथरूडकडच्या एखाद्या पीजीत. एका खोलीत चार कॉट, भिंतीला चार खिळे, आणि प्रत्येकाच्या कॉटखाली एक बॅग. त्या बॅगेत आईनं दिलेला चिवडा आणि शेंगाचटणी.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आपण जिवाचं रान करतो, पण तिथं राहायचं कसं हे कधीच शिकवत नाही. हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट आहे. आपण अशी परिस्थिती करून ठेवली आहे की रूमवर काही बिनसलं तर ते मूल आपल्याला खरं सांगूच शकत नाही.

हे मला एका मुलीमुळे कळलं. तिला मी अकरावी-बारावीला शिकवलं होतं. हुशार, कमी बोलणारी. आमच्याच गावात बी.एस्सी. केलं आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळवला. तिच्या घराण्यात एवढं शिकणारी ती पहिलीच मुलगी. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, म्हणून आणखी दोघींबरोबर एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. मालक खाली राहायचे. बाहेरून बघितलं तर चांगलंच. तुळस, देव्हारा, सोज्वळ कुटुंब. वडील स्वतः येऊन खोली बघून गेले होते आणि समाधानाने परत आले होते.

त्या घरमालकांचा एक नातेवाईक दुसऱ्या चावीने खोलीत येऊन जायचा. कधी पाण्याची टाकी बघायला, कधी मीटर बघायला. आधी मुली नसताना. मग एकदा एक मुलगी तापाने झोपून असताना. त्यानंतर या तिघी रात्री दाराला कॉट लावून झोपायला लागल्या. असं किती दिवस? पाच महिने. आणि या पाच महिन्यांत ती रोज रात्री साडेआठला घरी व्हिडिओ कॉल करत होती. आई रोज विचारायची, "रूमवर सगळं ठीक आहे ना?" ती रोज म्हणायची, "हो, ठीक आहे."

संक्रांतीला गावी आली तेव्हा तिळगूळ द्यायला माझ्याकडे आली. बोलता बोलता निघून गेलं तिच्या तोंडून. मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" आज मला या वाक्याची लाज वाटते. ती म्हणाली, "मॅडम, घरी सांगितलं तर खोली नाही बदलणार. माझं शिक्षणच बंद करतील."

आणि मी काय केलं? मोठ्या माणसाचं कर्तव्य म्हणून त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना फोन केला. तिला न विचारता. वडील वाईट माणूस नाहीत हो. मुलीसाठी कर्ज काढलेला माणूस आहे. पण घाबरले. दोन दिवसांनी जीप करून पुण्याला गेले आणि मुलीचं सामान घेऊन आले. "मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून बरं झालं," असं मला हात जोडून म्हणाले. पहिल्या सेमिस्टरला ती मुलगी वर्गात तिसरी आली होती. दुसरं सेमिस्टर तिने दिलंच नाही. आता ती इथंच एका पतसंस्थेत काम करते. रस्त्यात भेटली की थांबून बोलते, पण त्या विषयावर एक शब्द नाही. त्या खोलीत जूनमध्ये दुसऱ्या तीन मुली राहायला आल्या असणार.

म्हणजे बघा, चूक कुणाची आणि वर्ष कुणाचं गेलं. तिने पाच महिने जे ओळखलं होतं ते अगदी बरोबर होतं. तिच्या घरात खरं बोलण्याची किंमत एम.एस्सी. एवढी होती, आणि मी फोन करून ती वसूल करून दिली.

आता कुणी म्हणेल, मॅडम, मग काय मुलीला तिथंच राहू द्यायचं होतं का? नाही. तिला त्या खोलीतून त्याच दिवशी बाहेर काढायला हवं होतं. पण गावाकडे नाही. पुण्यातच दुसरीकडे. चार दिवस एखाद्या मैत्रिणीकडे, ओळखीच्या घरी, तोवर दुसरी खोली. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे तिघींना एकत्र बसवून, त्यांना विचारून ठरवायचं. वडिलांनी जायला हवंच होतं, पण मालकापुढे तिच्या बाजूनं उभं राहायला. जीप करून जायची ताकद त्यांच्यात होती, ती फक्त दुसऱ्या दिशेला वापरली गेली.

मुलग्यांची तऱ्हा वेगळी. ते दुसऱ्याच गोष्टी लपवतात. आमचा एक विद्यार्थी 2023 साली पुण्याला गेला. घरून महिना सहा हजार यायचे. कॉटचे साडेतीन हजार. मेस दोन्ही वेळेची लावली तर बत्तीसशे, एका वेळेची अठराशे. तुम्हीच बेरीज करा. दोन्ही वेळ जेवायचं तर सात हजारांच्या जवळ जातं, आणि त्यात बस नाही, झेरॉक्स नाही, मोबाइलचा रिचार्ज नाही. म्हणून पठ्ठ्याने एकच वेळ लावली. सकाळी अकराला जेवायचं, रात्री चहा-बिस्किट किंवा पोहे. रविवारी तर बहुतेक मेस संध्याकाळी बंदच असतात. घरी सांगायचा, दोन्ही वेळ जेवतो, रविवारी फिस्ट असते. गणपतीत गावी आला तेव्हा आई म्हणाली, "पुण्याचं पाणी मानवलं नाही वाटतं." पाणी नव्हतं हो ते. भूक होती.

त्याने का सांगितलं नाही? कारण पैसे वाढवून मागितले तर बाप व्याजाने काढेल हे त्याला माहीत होतं. आणि पैसे मागितले नाहीत तर निदान मी मोठा झालो असं तरी वाटेल, हाही एक भाग. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे, हे त्याला दुसऱ्या वर्षी एका मित्राकडून कळलं. त्या योजनेला नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं आहे. आमच्या वर्गात आम्ही कर्मवीरांवर दरवर्षी भाषणं घेतो. योजनेबद्दल कधी सांगितलं नव्हतं!

मी स्वतः 1994 साली पुण्यात एम.ए.ला होते. पेठेतल्या एका वाड्यात माडीवरची खोली, तिघी जणी. पाणी पहाटे पाचला यायचं, तेव्हा उठून पिंप भरायचं. वाड्यातल्या काकू सगळ्यांवर ओरडायच्या, पण मला काविळीची शंका आली तेव्हा त्याच हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. घरी पंधरा दिवसांतून एक पत्र, आणि महिन्यातून एकदा एस.टी.डी. बूथवरून फोन. मीटरचे आकडे पळताना बघत बोलायचं. त्या पत्रात मी काय लिहायचे ते आठवतं. पाणी पहाटे येतं, भाजी महाग आहे, काल रडू आलं. पत्र पोचेपर्यंत रडू थांबलेलं असायचं आणि घरच्यांनाही ते माहीत असायचं, म्हणून कुणी धावत यायचं नाही. आता दिवसातून तीन कॉल होतात. लोकेशन शेअर असतं. आणि तरी पाच महिने कॉट दाराला लावलेली असते हे कुणाला दिसत नाही. कॅमेरा मुलगी धरेल तिकडेच बघतो.

जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. वारावर जेवून, माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्यांचे हाल कुणालाही परत नकोत. पण त्या काळातल्या जाणत्या माणसांना एक गोष्ट कळली होती, की राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं काढत गेले, कारण नुसती शाळेची दारं उघडून खेड्यातलं पोर शिकणार नाही हे त्यांना दिसत होतं. पुण्यात 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली ती ग्रामीण भागातल्या मुलांच्या राहण्या-जेवण्याच्या प्रश्नातूनच. आज मुलं कितीतरी पटींनी वाढली, आणि त्यांची राहण्याची सोय आपण जवळजवळ सगळी बाजारावर सोडून दिली. बाजार आपल्या पद्धतीने वागतो, त्यात नवल काय?

बाजार कसा वागतो ते मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. खोली रिकामी असते. भाडं ठरतं. मग प्रश्न येतो, "आडनाव काय?" काही ठिकाणी उत्तर ऐकल्यावर खोली अचानक 'कालच गेलेली' असते. आमच्या दोन मुस्लिम विद्यार्थ्यांना आणि कितीतरी दलित मुलांना हा अनुभव आला आहे. कधी तो सरळ येतो, कधी 'आम्हाला शाकाहारीच मुलं हवीत' अशा आडवळणाने. यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. पण एवढं नक्की करता येतं, की मुलाला हे आधी सांगून ठेवायचं. पहिल्यांदा असं घडतं तेव्हा मुलाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. ते घरीही सांगत नाही, कारण बापाला वाईट वाटेल. आपण शिक्षकांनी आधीच म्हटलेलं असेल, "असं होऊ शकतं, त्यात तुझी काही चूक नाही, मला फोन कर," तर निदान ते एकटं पडत नाही.

आता थोडं कामाचं बोलूया. पालकहो, हा भाग जरा सावकाश वाचा.

खोली घेताना करार मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. नोंदणी केलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगतो त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद मालकाच्याही भल्याचा आहे, हे त्यांना गोडीने सांगता येतं. हे सगळं भांडायला नको, पण माहीत असावं. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यात चार गोष्टी शोधायच्या. डिपॉझिट किती आणि सोडल्यावर किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची, लाइट बिल कसं आकारणार, आणि मालक खोलीत कधी येऊ शकतो. शेवटची गोष्ट मी पूर्वी सांगत नव्हते. आता सगळ्यात आधी सांगते. कुलूप आपलं स्वतःचं लावायचं, आणि आतून कडी नीट बसते का ते खोली बघायला गेल्यावरच बघायचं.

पीजीवाले म्हणतात, आमचं हॉस्टेलसारखं असतं, करार-बिरार नसतो. मग पावती तरी घ्या. भाडं रोख न देता मोबाइलवरून द्या म्हणजे नोंद राहते. पहिल्या दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा, गळकी भिंत आणि फुटलेली काच दिसेल असे. डिपॉझिट कापताना हीच काच तुमच्या मुलाच्या नावावर लागते. पोलीस ठाण्यासाठी भाडेकरूची माहिती मागितली तर घाबरायचं कारण नाही, ती नेहमीची पद्धत आहे.

करार नसल्याचा सगळ्यात जास्त फटका गरीब मुलाला बसतो. कसा ते सांगते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांसाठी ती सुरू झाली तेव्हापासून वर्षाला 60,000 रुपये ठरलेले: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि त्याशिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ज्याच्या-त्याच्या अटी अर्ज भरताना नीट वाचाव्यात, त्या बदलत असतात. पण भाड्याने राहतोय याचा पुरावा लागतोच, आणि तिथंच करारनामा पुढे येतो. मालक कागद द्यायला तयार नसला की हक्काचे पैसे अडतात. राहण्याचे 20,000 म्हणजे बारा महिन्यांत भागले तर महिना सतराशेसुद्धा पडत नाहीत. वर आपल्या त्या पठ्ठ्याच्या कॉटचं भाडं मी सांगितलंच आहे. तरीही जे मिळतं ते सोडायचं नाही. आणि हप्ता खात्यावर येईपर्यंतचे महिने कसे काढायचे, हा हिशोब घरी बसून आधीच करायचा.

आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगते. बाथरूममधला गॅस गिझर. लहानशी बाथरूम, वर एक झरोका, तोही थंडीत पुठ्ठा लावून बंद केलेला. हवा पुरी पडली नाही की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळायच्या आत चक्कर येते आणि तो खाली पडतो, आणि आतून कडी लावलेली असते. गिझर आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर असायला हवेत. तसं नसेल तर झरोका उघडा ठेवायचा, बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळ. खोली बघायला जाल तेव्हा टाइल्स किती चकचकीत आहेत ते नंतर बघा, आधी हे बघा.

जेवणाचं मी वर सांगितलंच. मेस लावताना खाडा धरतात का विचारा. म्हणजे चार दिवस गावी गेलं तर त्याचे पैसे कापून मिळतात का. मुलाला, हो मुलग्यालासुद्धा, भात, वरण, एक भाजी आणि खिचडी एवढं यायलाच पाहिजे. आमच्या भागात मुलग्याला गॅस पेटवायला शिकवणं म्हणजे अजून काहींना कमीपणा वाटतो. त्यांना सांगते, पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू झाला की खोलीतला एक आजारी असतो आणि बाकीचे तिघे कावरेबावरे. तेव्हा पेज करता येणारा मुलगा हा त्या खोलीतला डॉक्टर असतो.

आता आपल्याकडे वळते, शिक्षकांकडे. आपण दहावीला मागणीपत्र आणि विनंतीपत्र शिकवतो. झाडांची रोपं मागवा, पुस्तकं मागवा. बारावीच्या युवकभारतीत माहितीपत्रक आहे, अहवाल आहे, मुलाखत आहे. सगळं चांगलंच आहे. पण डिपॉझिट परत मिळावं म्हणून मालकाला लिहायचं पत्र मी बावीस वर्षांत एकदाही वर्गात लिहून घेतलं नव्हतं. 'मला पंख असते तर' मात्र दरवर्षी. पंख फुटून मुलं पुण्यात उतरतात आणि करारातला 'हस्तांतरण' हा शब्द वाचून गोंधळतात. हे मराठी शिकवणाऱ्या माणसाचं अपयश नाही का?

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी एक प्रयोग करते. अभ्यासक्रम संपला की फेब्रुवारीत दोन तास काढते. एका भाडेकराराची प्रत, नावं-पत्ते खोडून, उतारा म्हणून वर्गात देते. आकलनाचे प्रश्न विचारते. "भाडेकरूने जागा सोडायची असल्यास किती दिवस आधी कळवावे?" "दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?" मुलं इतकी मन लावून दुसरा कुठलाच उतारा वाचत नाहीत, हे मी खात्रीने सांगते. दुसऱ्या तासाला सहा हजारांत महिना बसवायचा. आधी सगळे मोबाइलला पैसे ठेवतात आणि जेवणाला जे उरेल ते. मग आपसात वाद होतात. मी मध्ये पडत नाही.

पालकांसाठी मेमध्ये एक बैठक घेते. येणारे थोडेच असतात, पण येतात. तिथं मी त्यांच्याकडून एकच गोष्ट मागते. मूल घरातून निघायच्या आधी त्याला समोर बसवून, दोघांनीही, स्पष्ट शब्दांत सांगायचं की तिथं काहीही झालं तरी आम्ही आधी खोली बदलू, शिक्षण बंद करणार नाही. काहीही म्हणजे काहीही. पैसे हरवले, मित्राशी भांडण झालं, कुणी त्रास दिला, नापास झाला. एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, आधीच असं सांगितलं तर पोरगी मोकाट सुटेल." मी त्यांना म्हटलं, भाऊ, मोकाट सुटायचं असेल ती तुमच्या भीतीने थांबणार नाही, फक्त तुम्हाला सांगणार नाही. त्यांना ते पटलं नाही. पटेलच असंही नाही. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या तिच्या आईने माझा नंबर लिहून घेतला.

आणि फोनवर "सगळं ठीक आहे ना?" हे विचारणं मी स्वतः सोडून दिलंय. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. त्याऐवजी, काल रात्री काय जेवलास? पाणी किती वाजता येतं? खोलीतला चौथा मुलगा कुठला? मालक या आठवड्यात आले होते का? असे प्रश्न विचारले की मुलं बोलतात. एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत. आणि मूल काही सांगायला लागलं, तर "मग बोलला का नाहीस?" हे वाक्य गिळून टाकायचं. मी ते एकदा बोलले, पुन्हा बोलणार नाही. "आता काय करूया, तुला काय वाटतं?" असं विचारायचं, आणि त्याला न विचारता कुणालाही फोन करायचा नाही. जिवाचं भय असेल तर मात्र थांबायचं नाही, 112 लावायचा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 आहे. दोन्ही नंबर मी मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावते. मोबाइलची बॅटरी संपते, वही संपत नाही.

या वर्षी आमच्याकडची अकरा मुलं पुण्याला निघाली आहेत, सात मुली आणि चार मुलगे. दोघींना वसतिगृह मिळेल असं वाटतं. बाकी नऊ जण बाहेर. मी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी पुण्यात स्थिरावलेल्यांची यादी करतेय. कोण कुठल्या भागात राहतं, आणि रात्री अकरा वाजता एखाद्या मुलीला बॅग घेऊन कुणाच्या घरी जाता येईल. आतापर्यंत पाच घरं झाली. एक वारज्यात, एक हडपसरला, दोन पिंपरी-चिंचवडमध्ये, एक धायरीत. विद्यापीठाच्या जवळ, औंध-खडकीकडे, एकही नाही. तुमच्यापैकी कुणाचा विद्यार्थी, भाऊ, नणंद तिकडे राहत असेल आणि एका रात्रीपुरतं दार उघडायची तयारी असेल, तर मला कळवा. मुलं जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघतील.